अजबखान्यातले सुट्टीचे पाहुणे

मुंबईतले भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय लोकांसाठी खुले झाले ते २ मे १८७२ रोजी. तेव्हा त्याचे नाव 'व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम' होते. आज आपण त्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतो. इतिहासाच्या पुस्तकांत ही तारीख एका ओळीत उरकते आणि लेखक पुढे इमारतीच्या शैलीकडे, लोखंडी खांबांकडे, छतावरच्या नक्षीकडे वळतो. मला मात्र त्या तारखेतल्या महिन्याचे कुतूहल वाटत आले आहे. मे महिना म्हणजे आपल्याकडे शाळांची सुट्टी, कोकणातून किंवा घाटावरून आलेले पाहुणे, आणि 'मुलांना कुठेतरी घेऊन जा' असा घराघरांतून होणारा घोष. पण १८७२ साली ज्यांच्या हातून हे संग्रहालय उघडले गेले त्यांच्या मनात यातले काहीही असण्याची शक्यता नाही. सुट्टीत मुलाबाळांना घेऊन कुटुंबाने यावे, पाहावे, हाताने काही करावे, ही कल्पना संग्रहालयाच्या चालकांच्या डोक्यात यायला पुढे शंभर वर्षे लागली. कुटुंबे मात्र तितकी थांबली नाहीत. ती आधीच येऊन बसली होती. या दोन गोष्टींमधल्या अंतराविषयी हा लेख आहे.

संग्रहालय मुळात कशासाठी होते, ते आधी पाहू. १८५१ साली लंडनला मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले आणि १८५५ साली पॅरिसला. या प्रदर्शनांना हिंदुस्थानातून माल पाठवायचा म्हणून मुंबई इलाख्यात नमुने गोळा होऊ लागले. कापूस, तेलबिया, रेशीम, लाकूड, खनिजे, भांडी, विणकाम. याच खटपटीतून फोर्टातल्या टाउन बराक्समध्ये सरकारी मध्यवर्ती संग्रहालय उभे राहिले आणि डॉ. जॉर्ज ब्यूइस्ट त्याचे काम पाहू लागले. म्हणजे हे प्रकरण मुळात व्यापाराचे होते. या मुलखात काय पिकते, काय घडते आणि त्यातले काय विकत घेण्याजोगे आहे, हे एका ठिकाणी कळावे, हा हेतू. १८५७ चा उठाव झाला तेव्हा लष्कराला बराकी हव्या झाल्या. संग्रह घाईघाईने हलवावा लागला आणि त्या धांदलीत बराचसा नष्ट झाला. उरलेले टाउन हॉलमध्ये गेले. पुढच्या वर्षी डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्याकडे सूत्रे आली आणि त्यांनी नव्या इमारतीचा ध्यास घेतला.

बर्डवुड यांच्या जोडीला उभे राहिले ते डॉ. भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट. डेव्हिड ससून यांच्यासारख्या धनिकांची मदत मिळाली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते कोनशिला बसली. ते कापसाच्या तेजीचे दिवस होते. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईत पैसा धो धो वाहत होता. १८६५ साली यादवी संपली, तेजी कोसळली, शेअरबाजारात भलेभले बुडाले आणि वर्गण्या आटल्या. त्याच वर्षी नाना शंकरशेट गेले. इमारत रखडली, शेवटी सरकारने पैसा घालून ती पुरी केली. भाऊ दाजींना ती उघडलेली पाहायला मिळाली, पण त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७४ साली, तेही वारले. शिलालेख वाचणारा, कुष्ठरोगावर औषध शोधणारा, स्त्रीशिक्षणासाठी झटणारा हा डॉक्टर या संग्रहालयाचा खरा भारतीय पालक होता. १ नोव्हेंबर १९७५ रोजी त्याचे नाव संग्रहालयाला मिळाले, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनी.

आता जागेकडे या. संग्रहालयाची इमारत ज्या बागेच्या दाराशी उभी राहिली ती व्हिक्टोरिया गार्डन्स, म्हणजे आपली राणीची बाग. तिचे आजचे अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, पण रिक्षावाल्यापासून आजीपर्यंत सगळे तिला राणीची बागच म्हणतात. बाग १८६२ सालची आणि संग्रहालय १८७२ चे. पण मुंबईच्या सामान्य माणसाच्या दृष्टीने ज्याने सगळे बदलले ते साल १८९०. त्या साली बागेला जवळपास पंधरा एकरांची भर घालून प्राणिसंग्रहालय सुरू झाले. आणि १८९० मध्येच, जूनच्या १० तारखेपासून, मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मिल हँड्स असोसिएशनच्या मार्फत सभा, अर्ज, सह्या अशी जी झुंज दिली तिचे हे फळ. पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याची सुट्टी पक्की झाली.

या दोन घटनांचा एकमेकींशी कारण-कार्याचा संबंध आहे असे मी म्हणत नाही. तसा कागद कुठे नाही. पण नकाशा उघडून बघा. भायखळा, लालबाग, चिंचपोकळी, परळ, माझगाव. गिरणगाव राणीच्या बागेच्या कुशीत वसलेला आहे. आठवड्यातला एक दिवस पहिल्यांदाच मोकळा मिळालेला माणूस, त्याची बायको, कडेवरचे पोर, गावाहून आलेला भाचा, आणि पायी जाण्याच्या अंतरावर वाघ, हत्ती, सावली. आपल्या समाजात 'सहकुटुंब सुट्टी' नावाची गोष्ट शहरात कशी जन्मली याचा कुणाला अभ्यास करायचा असेल तर त्याने महाबळेश्वर-माथेरानचे बंगले सोडून या बागेच्या फाटकापासून सुरुवात करावी. बंगल्यांत राहणाऱ्यांची रोजनिशी उपलब्ध असते, म्हणून तिकडचा इतिहास आधी लिहिला जातो, इतकेच.

वाघ बघून झाल्यावर ही मंडळी परतीच्या वाटेवर संग्रहालयात शिरत. ऊन टळायचे, आत गारवा असायचा, आणि बागेला आल्यासारखे 'ते पण' बघून होत असे. इमारतीबाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाचे नाव एलिफंटा ठेवले. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, पण उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आणून १९१४ साली पुन्हा जोडण्यात आले. जिवंत हत्ती आत, दगडी हत्ती बाहेर, आणि लहान मुलाला दोन्हींचे सारखेच अप्रूप. संग्रहालयशास्त्राच्या दृष्टीने ही भेसळ असेल, मुलाच्या दृष्टीने ती एकच सहल होती.

आपल्या भाषांनी संग्रहालयांना दिलेली नावे याच वृत्तीची साक्ष देतात. लाहोरचे अजायबघर, कलकत्त्याचे जादूघर, नागपूरचा १८६३ सालचा अजब बंगला. 'वस्तुसंग्रहालय' हा शब्द पंडितांनी घडवला आणि तो अर्थाने अचूक आहे, पण त्यात नवल नाही. अजबखाना या शब्दात पाहणाऱ्याचा आ वासलेला आहे. इंग्रज अधिकाऱ्यांना या 'आ वासण्याचा' तिटकारा होता. संग्रहालय हे शिक्षणाचे साधन, आणि लोक तर तिथे जत्रेत आल्यासारखे हिंडतात, अशी त्यांची तक्रार. उत्तर हिंदुस्थानातल्या काही संग्रहालयांत स्त्रियांसाठी वेगळा दिवस राखून ठेवण्याची पद्धत होती, त्या दिवशी तर लेकुरवाळ्या बायकांची झुंबड उडे. म्हणजे कुटुंब येत होते, फक्त कारभाऱ्यांच्या लेखी ते 'प्रेक्षक' या व्याख्येत बसत नव्हते.

१९३६ साली एस. एफ. मार्कहम आणि एच. हारग्रीव्हज यांचा हिंदुस्थानातल्या संग्रहालयांवरचा पाहणी अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांनी देशात १०५ संग्रहालये मोजली. या विषयावर काम करणाऱ्याला हा अहवाल चुकवता येत नाही. गर्दी प्रचंड पण गर्दीतले बहुतेक निरक्षर, मग या संग्रहालयांनी शिकवायचे कसे, हा त्यांच्यासमोरचा पेच होता. १९३१ च्या शिरगणतीत साक्षरांचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही आत होते, तेव्हा पेच खराच होता. पण त्यांच्या प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे. वस्तूचा अर्थ चिठ्ठीवर लिहिलेला असतो, आणि ज्याला चिठ्ठी वाचता येत नाही त्याला वस्तू कळत नाही, असे ते गृहीत. तांब्याचे घंगाळ काचेत ठेवले आणि खाली इंग्रजीत चिठ्ठी लावली, तर त्या घंगाळातून रोज आंघोळ करणाऱ्या बाईला ते 'कळले नाही' असे म्हणायचे का?

भायखळ्याच्या संग्रहालयात या प्रश्नाचे एक उत्तर नकळत सापडून गेले होते. सेसिल बर्न्स आणि त्यांच्यानंतर अर्नेस्ट फर्न यांच्या कारकिर्दीत, म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत, तिथे मातीच्या छोट्या प्रतिकृती मांडल्या गेल्या. वेगवेगळ्या जातीजमातींचे पोशाख, पगड्या आणि फेट्यांचे प्रकार, कारागीर आणि त्यांची अवजारे, खेड्यातले जीवन, पारशांच्या दखम्याची प्रतिकृती. मांडणीमागची दृष्टी वसाहतवादी होती यात शंका नाही. माणसांचे प्रकार पाडून त्यांना फुलपाखरांसारखे टाचण्याची ती हौस होती. आजचे अभ्यासक त्यावर टीका करतात आणि ती रास्त आहे. पण या काचेसमोर उभ्या राहणाऱ्या गिरणगावातल्या पोराला काय दिसत असेल? त्याला दिसत असेल किल्ला.

दिवाळीच्या सुट्टीत आपण अंगणात, चाळीच्या कोपऱ्यात, जिन्याखाली जो मातीचा किल्ला करतो, तो. दगडविटा रचायच्या, पोत्यावर चिखल लिंपायचा, अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवायची, आणि मग बाजारातून आणलेली चित्रे मांडायची: गडावर महाराज, बुरुजावर मावळे, खाली शेतकरी, पाणी भरणारी बाई, गवळण, भाजीवाली. 'चित्रे' हा आपला शब्द, मातीच्या बाहुल्यांसाठी. पुण्याच्या मातीच्या बाहुल्यांची ख्याती तर एकोणिसाव्या शतकातच देशोदेशीच्या प्रदर्शनांपर्यंत पोचली होती. म्हणजे संग्रहालयाने आणि दिवाळीच्या किल्ल्याने एकाच कुंभाराच्या हातातून माल घेतला असे म्हणता येईल. किल्ल्यात एक गोष्ट अधिक होती. तो घरातले सगळे मिळून करत. धाकट्याने माती कालवायची, थोरल्याने तटबंदी, वडिलांनी संध्याकाळी कामावरून येऊन कारंज्याची नळी बसवायची आणि आजोबांनी ओट्यावर बसून 'प्रतापगडाला माची कुठल्या बाजूला असते' यावर हुज्जत घालायची. मग शेजारपाजारचे बघायला येत, आणि ज्याचा किल्ला तो पोरगा हातात काठी घेऊन माहिती सांगत असे. मांडणी, प्रतिकृती, मार्गदर्शक, प्रेक्षक, सुट्टी, कुटुंब. संग्रहालयांच्या सुट्टीतल्या उपक्रमांत आज जे जे असते ते सगळे यात आहे. चैत्रगौरीची आरास, गौरीगणपतीचे देखावे हे याच घरातले. वस्तू मांडून पाहणे आणि पाहता पाहता गोष्ट सांगणे आपल्याला कुणी बाहेरून शिकवावे लागले नाही.

बाहेर काय चालले होते तेही सांगितले पाहिजे. १८९९ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात खास मुलांसाठीचे पहिले संग्रहालय निघाले. अ‍ॅना बिलिंग्ज गॅलप या बाईंनी ते नावारूपाला आणले. मुलांनी वस्तू हाताळाव्यात, प्रश्न विचारावेत, स्वतः काही करावे, हा त्यांचा आग्रह. १९१३ साली बोस्टनला दुसरे निघाले. आपल्याकडे मुंबईत प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची इमारत याच सुमारास तयार झाली होती, पण संग्रहालय म्हणून ती उघडली १९२२ च्या जानेवारीत. मधल्या काळात, महायुद्धाच्या दिवसांत, त्या घुमटाखाली लष्करी रुग्णालय होते आणि बालकल्याण केंद्रही होते. म्हणजे त्या इमारतीत पुरातन मूर्ती येण्याच्या आधी लहान मुले आली होती. ही माहिती तिथे जाणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगावी असे मला फार वाटते. स्वातंत्र्यानंतर पन्नाशीच्या दशकात बालसंग्रहालयांची लाट आली. गुजरातेत अमरेलीला १९५५ साली, दिल्लीत बालभवन १९५६ साली, लखनौला त्याच्या पुढच्या वर्षी. महाराष्ट्रात या लाटेचे पाणी फारसे चढले नाही. मुंबईत वरळीला आंतरराष्ट्रीय बालक वर्षाच्या निमित्ताने १९७९ साली विज्ञान उद्यान झाले, त्याचे पुढे १९८५ साली नेहरू विज्ञान केंद्र झाले. तिथे मात्र पहिल्यांदा 'हात लावा' असे लिहिलेले मुलांनी वाचले. इतिहासाच्या संग्रहालयांत 'हात लावू नका' तसेच राहिले.

लाट चढली नाही याचे एक कारण मला असे दिसते की आपल्याकडची कित्येक संग्रहालये स्वतःच घरासारखी होती, किंवा देवळासारखी. साताऱ्याजवळचे औंध घ्या. संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, कीर्तनकार, सूर्यनमस्कारांचे प्रचारक. त्यांनी १९३८ साली आपला संग्रह लोकांसाठी मांडला तो यमाईच्या डोंगरावर. ही जागा निवडण्यात मोठे शहाणपण होते. देवीला आलेली कुटुंबे दर्शन घेतात, नैवेद्य दाखवतात आणि मग चपला काढून संग्रहालयात शिरतात. राजा रविवर्म्याची सैरंध्री, हस्तिदंताचे काम, आणि हेन्री मूर यांचे दगडातले आई आणि मूल. ज्या शिल्पकाराची कामे बघायला लोक लंडनची तिकिटे काढतात त्याची आई-मुलाची जोडी माणदेशाच्या उंबरठ्यावर उभी आहे आणि नवससायासाने झालेली पोरे कडेवर घेतलेल्या बाया तिच्यासमोरून जातात. त्यांच्यातल्या कुणाला मूर ठाऊक नाहीत. मूल मांडीवर घेतल्यावर खांदा कसा कलतो ते ठाऊक असते.

आणि पुण्याचे केळकर संग्रहालय. त्याचे पूर्ण नाव राजा दिनकर केळकर संग्रहालय. पुष्कळांना वाटते की दिनकर केळकर कुणी राजे होते. तसे नाही. राजा हे त्यांच्या मुलाचे नाव. तो लहानपणीच गेला. चष्म्याच्या व्यवसायातले, 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी आयुष्यभर खेडोपाडी हिंडून अडकित्ते, दिवे, कुलपे, फण्या, वजऱ्या, पानाचे डबे, दौती, बाहुल्या, वाद्ये, दारे-खिडक्या गोळा केल्या, आणि त्या सगळ्याला मुलाचे नाव दिले. पत्नी कमलाबाई या उद्योगात त्यांच्या बरोबरीने होत्या. सुमारे वीस हजार वस्तूंचा हा संग्रह त्यांनी पुढे महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. महाराष्ट्रातले सगळ्यात गाजलेले संग्रहालय एका मुलाच्या नावाचे आहे, आणि ते एका घरात, घरातल्याच वस्तूंनी उभे राहिले. केळकरांनी मूर्ती, शिलालेख, ताम्रपट यांच्या मागे न लागता रोजच्या वापरातले सामान जमवले याला तेव्हाच्या इतिहासकारांत फारशी किंमत नव्हती. आज कळते की जे बाईच्या हातात होते ते त्यांनी वाचवले. तलवारी वाचवणारे पुष्कळ होते.

इथून मला जो मुद्दा मांडायचा आहे त्याकडे येतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या मोठ्या संग्रहालयांचे रूप पालटले. भायखळ्याच्या संग्रहालयाचे जतनकाम २००३ पासून मुंबई महानगरपालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने झाले, त्याला २००५ मध्ये युनेस्कोचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि २००८ साली ते नव्याने उघडले. आता तिथे सुट्टीत मुलांसाठी आणि कुटुंबांसाठी कार्यशाळा होतात. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची फिरती बस २०१५ पासून शाळांत आणि गावांत जाते, आणि २०१९ मध्ये त्याच आवारात मुलांचे संग्रहालय उभे राहिले. १८ मे हा जागतिक संग्रहालय दिन १९७७ पासून पाळला जातो. तो आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत येतो, हे आपले भाग्यच. त्या आठवड्यात जिल्ह्याजिल्ह्यांतली संग्रहालयेही काही ना काही करतात: मातीकाम, ठसेकाम, मोडी अक्षरओळख, नाण्यांचे कागदावर छाप, 'शोधा म्हणजे सापडेल' असे वस्तू हुडकण्याचे खेळ.

मी अशा पुष्कळ उपक्रमांना जाऊन बसलो आहे. माझा कुठल्या विद्यापीठाशी संबंध नाही, त्यामुळे मला मुलांच्या मागच्या सतरंजीवर बसायला संकोच वाटत नाही. उपक्रम चांगले असतात. ते चालवणारी तरुण मुले-मुली मनापासून राबतात, बहुधा तुटपुंज्या मानधनावर. पण एक गोष्ट मला वारंवार खटकली. मुलांना आत घेतात आणि बरोबरच्या मोठ्यांना बाहेर बाकावर बसवतात. 'पालकांनी दोन तासांनी यावे.' बाकावर आईवडील फोनमध्ये डोके घालून बसतात, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण त्यांच्या शेजारी आजी बसलेली असते.

जिल्ह्याच्या गावातल्या एका संग्रहालयात पाहिलेला प्रसंग सांगतो. कार्यशाळेतून सुटलेली आठ-नऊ वर्षांची नात आजीला ओढत एका काचेपाशी घेऊन आली. आत पितळेची, वर पक्षी बसवलेली, खालून खरखरीत अशी वस्तू. चिठ्ठीवर 'वजरी, पितळ, १९ वे शतक' एवढेच.

"आज्जी, हे काय गं?"

"अगं, ही वजरी. टाचा घासायची. आमच्या माहेरी दगडाची होती, ही श्रीमंताघरची दिसते."

मग आजी सांगत गेली. वजरीत खडे घातलेले असत, घासताना आवाज येई. न्हाणीतून आवाज थांबला की सासू बाहेरून विचारी, झाले का गं? म्हणजे आवाज चालू आहे तोवर सून न्हाणीत आहे, रिकामी बसलेली नाही. नव्या सुना म्हणून एका हाताने वजरी नुसती हलवत राहत आणि तेवढा वेळ स्वतःसाठी मिळवत. हे सांगताना आजी हसत होती. नात हसली. मीही हसलो, आणि मग चटका बसला, कारण हे कुठल्याही पुस्तकात नाही, सूचिपत्रात नाही, त्या चिठ्ठीवर तर नाहीच. आजी दहा मिनिटांत जिना उतरून गेली. पहारेकऱ्याने तिला काचेला हात न लावण्याची सूचना मात्र दिली.

खडे सगळ्याच वजऱ्यांत असत की ठरावीक भागात, हा तपासण्याचा विषय आहे. सुनेची युक्ती एका घरातली की चार गावांतली, हाही. पण तपासायला आधी नोंद लागते. संग्रहालयाच्या नोंदवहीत वस्तू कुणाकडून आली, कधी आली, धातू कोणता, लांबी किती, वजन किती हे असते. ती कशी वापरत, वापरताना तिला काय म्हणत, कुणाला ती वापरायची मुभा नव्हती, हे रकाने नसतात. ज्यांना हे ठाऊक आहे त्या बाया आज सत्तरी-ऐंशीच्या आहेत. घंगाळ, करंडा, तांबूलपात्र, शकुनवंती, मुसळ, पाटा, रोवळी, सूप, उखळ ही नावे त्यांच्या तोंडी आहेत आणि नातवंडांच्या तोंडी नाहीत. या दोघांना एकत्र आणणारा एकच दिवस उरला आहे, तो सुट्टीचा, आणि एकच जागा उरली आहे जिथे ती वस्तू दोघांच्या समोर असते, ती संग्रहालय. घरातून ती केव्हाच मोडीत गेली.

मार्कहम-हारग्रीव्हज यांना जो पेच पडला होता तो आज उलटा झाला आहे. तेव्हा लोकांना चिठ्ठी वाचता येत नव्हती आणि वस्तू कळत होती. आता घरातल्या सगळ्यांना चिठ्ठी वाचता येते.

यावर खर्चिक उपाय लागत नाही. कार्यशाळेत मुलाबरोबर घरातले एक वडीलधारे माणूस आत घ्यावे, सतरंजीऐवजी त्याला खुर्ची द्यावी. मुलांना जो उपक्रमाचा कागद देतात, त्यावर 'आजी-आजोबांना विचारा' अशी चार ओळींची जागा ठेवावी, आणि तो कागद घरी न देता संग्रहालयाने ठेवून घ्यावा, वस्तूच्या क्रमांकासह. कोल्हापूरच्या टाउन हॉलमधल्या संग्रहालयाची पायाभरणीच १९४५-४६ च्या ब्रह्मपुरीच्या उत्खननाने झाली. तिथे सापडलेल्या वस्तूंत समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती होती आणि साधी खापरेही होती. पोसायडनविषयी आजीला विचारण्यासारखे काही नाही. पण खापराच्या कडेवरून ते भांडे दूध तापवायचे की पाणी भरायचे, हे पंचगंगेकाठच्या कुंभारणीला विचारण्यासारखे होते आणि आजही आहे. पुरातत्त्वात या पद्धतीला भारदस्त नाव आहे, संग्रहालयात तिला सुट्टीचा उपक्रम म्हटले तरी चालेल.

एका संग्रहालयाचे नाव न घेता हेही लिहितो. तिथल्या जुन्या अभिप्रायवह्या मला वाचायच्या होत्या. अभिप्रायवही हे माझ्यासारख्याचे आवडते साधन आहे. नव्वद टक्के पाने 'छान', 'अप्रतिम', 'पिण्याच्या पाण्याची सोय करावी' यांनी भरलेली असतात, पण मध्येच एखादे पान असे निघते की हात थांबतो. 'दालन दोनमधली समई उलटी मांडली आहे, आमच्याकडे अशी होती,' असे एखाद्या बाईने गिचमिड अक्षरात लिहिलेले असते. मी गेलो तेव्हा कळले की १९९० च्या आधीच्या सगळ्या वह्या जागेअभावी रद्दीत गेल्या. उरलेल्या पाच वह्या मी दोन दिवस बसून वाचल्या आणि वस्तूंविषयी काही सांगणाऱ्या नोंदी वेगळ्या उतरवून काढल्या. त्या सदतीस भरल्या. त्यातल्या एकवीस मे महिन्यातल्या आहेत, सहा दिवाळीच्या सुट्टीतल्या. लिहिणाऱ्यांत बायका जास्त. तीन नोंदींखाली वेगळ्या, मोठ्या, शाळकरी अक्षरात नाव आहे, म्हणजे सांगितले कुणी आणि लिहिले कुणी ते उघड आहे. त्यांची एक प्रत मी त्या संग्रहालयाला दिली आहे. समई अजून उलटीच आहे.